तळघरातली न्हाणी

माझी बायको आगगाड्यांच्या वेळा स्टेशनमास्तरापेक्षा चोख जाणत असे. तिला अक्षर लावता येत नव्हतं आणि घड्याळही कळत नव्हतं. पण कल्याणकडची गाडी कळव्याच्या बाजूने खाडीच्या पुलावर चढली की तिला चुलीपुढे बसूनच समजे. ती गेली की पुढची किती वेळाने, हे ती बोटांच्या पेरांवर मोजी. तेवढ्या वेळात विहिरीवर जायचं, चार तांबे अंगावर घ्यायचे आणि ओलेत्याने घरात पळून यायचं. आंघोळ म्हणजे तिला चोरी झाली होती.

दोष माझाच होता. मी घाटावरचा माणूस, ठाण्याच्या कचेरीत चिकटलो आणि बिऱ्हाडं बदलून कंटाळलो, तेव्हा ही जागा घेऊन नवं घर बांधलं. रुळांजवळची जागा म्हणून मला केवढी ऐट! येईल-जाईल त्याला मी पडवीत बसवून गाडी दाखवी. मागच्या विहिरीवर बायकामाणसांना आंघोळ करायची आहे आणि रुळांचा भराव आमच्या कौलांइतका उंच आहे, हे दोन्ही मला दिसत होतं, पण एकाच वेळी कधी दिसलं नाही. मग माडाच्या झापांचा आडोसा केला. तो खालून येणाऱ्याजाणाऱ्याला पुरे, पण गाडीतला माणूस वरून बघे. एकदा सिग्नलापाशी गाडी खोळंबली आणि तिसऱ्या वर्गातल्या कोणीतरी खाकरून काही बोललं. तिने मला काय ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आश्विनात तिला पाचवा महिना होता. एके सकाळी अवेळी मालगाडी आली. मालगाडीत कोण बघणार, पण पळायची सवय अंगात मुरलेली. ती उठली, शेवाळावरून पाय गेला आणि दगडावर आदळली. कोपर सुजलं, बाकी काही झालं नाही. आमचं पहिलं मूल जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं होतं, म्हणून त्या दिवशी आईने आणि मी एकमेकांकडे बघायचंसुद्धा टाळलं. बायकोला माहेरची आई नव्हती, तेव्हा बाळंतपण आमच्याकडेच व्हायचं होतं. आई म्हणाली, "अरे, बाळंतिणीला रोज तेल लावून कढत पाण्याने न्हायला घालायचं असतं. ते काय तुझ्या गाडीवाल्यांसमोर घालू?"

झालं. त्या क्षणापासून मला चैन पडेना. माझा स्वभावच तसा. एखादी गोष्ट करायची ठरली की ती कालच व्हायला हवी होती असं मला वाटू लागतं, आणि जो कोणी मध्ये बोलेल तो माझा वैरी. आई याला गुडघ्याला बाशिंग म्हणे. मी म्हणे, घरात एकाने तरी हलायला नको का?

आमच्या जागेला उतार होता. पुढचं अंग रस्त्याच्या पातळीला आणि मागचं पुरुषभर खाली. त्यामुळे मागच्या खोल्यांच्या पोटात आपोआप एक तळघर निघालं होतं. त्यात लाकूडफाटा आणि फुटके माठ पडलेले असत. त्याचं दार मागच्या अंगणात, विहिरीपासून दहा पावलांवर. तीन भिंती जमिनीत, चौथी दगडी. गाडीतून बघणाऱ्याचे डोळे बाहेर आले तरी आतलं काही दिसायचं नाही. न्हाणी इथेच, असं मी ठरवलं आणि त्याच दिवशी माठ बाहेर काढून फोडून टाकले.

मग बेत सुरू झाले. कचेरीतल्या रद्दी दाखल्यांच्या पाठी कोऱ्या असत, त्यांवर मी नकाशे काढी. विहिरीच्या काठावर दगडी डोणी बांधायची, रहाटाचं पाणी तिच्यात ओतायचं, तिथून खापरी नळाने ते तळघरातल्या हौदात आपसूक उतरेल. हौदाशेजारी चुलाण, त्यावर तांब्याचा हंडा. म्हणजे बाईमाणसाला घागर उचलायला नको. इथवर सगळं सोपं होतं. पाणी आत आणायला अक्कल लागत नाही, बाहेर काढायला लागते. तळघराची जमीनच खोल, तिथून पाणी जाणार कुठे? शोषखड्डा विहिरीच्या इतक्या जवळ करायची सोय नव्हती. उरली घराच्या बाजूची नाळ. खाडीचा एक फाटा आमच्या कुंपणामागून जाई, त्याला सगळे नाळ म्हणत. भरतीला तिच्यात पाणी चढे, ओहोटीला चिखल उघडा पडे. मोरीचं पाणी तिच्यात सोडायचं, तर नाळेतलं भरतीचं पाणी मोरीच्या खालीच राहतं ना, एवढं बघायला हवं होतं.

ते मी बघितलं. कोणी म्हणू नये की बघितलं नाही. रविवारी कचेरी बंद, म्हणून एका रविवारी भल्या सकाळी नाळेत बांबू रोवून बसलो. पाणी चढत चढत आलं, थांबलं, आणि मी सुऱ्याने खूण केली. खूण तळघराच्या जमिनीहून हातभर खाली होती. पण मी एकदा बघून विश्वास ठेवणारातला नव्हे. पुढच्या रविवारी नळ ठरवायला कल्याणला कुंभाराकडे जायचं होतं, म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा बसलो. पाणी बरोबर त्याच खुणेला येऊन टेकलं! दोन बोटांचाही फरक नाही. मी चिखलातून उड्या मारत घरात आलो आणि आईला म्हटलं, "याला म्हणतात हिशोब." आई उपासाची भगर निवडत होती. ती म्हणाली, "पाय धू आधी."

गवंडी मिळाला तो खाडीकाठच्या वाडीतला किरिस्ताव. पन्नाशीचा, बोलायला मोजका, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. त्याच्या आज्यापणज्यांनी इथल्या भिंती बांधलेल्या. तो आला, तळघरात फिरला, जमिनीला हात लावून बघितला आणि विचारलं, "पानी कवा पायलंत, रावसायेब?"

"दोन रविवार. भर भरतीला."

"रविवार-सोमवार खाडीला काय ठावं? अवस-पुनवेला पाऊ नि मंग उतार धरू."

मला हसू आलं आणि रागही आला. कामाला उशीर लावायला कारागिराला सोमवार पुरतो, अमावास्या पुरते, ताप पुरतो. मी म्हटलं, "तू पाणसळ लाव आणि मी सांगतो तसा उतार धर. खाडीचं मी बघून घेईन." त्याने पिशवीतून पाणसळ काढली. मी जिंकलो असं मला वाटलं.

कल्याणच्या कुंभाराने नळ छान भाजले होते, टिचकी मारली की खणखण वाजत. बैलगाडीत फुटतील म्हणून ते होडीने यायचे ठरले. होडी ठाण्याच्या बंदराला लागली आणि तिथेच थांबली. मी कचेरीतून सुटून धापा टाकत गेलो. कोळी होडीत बसून जाळ्याची गाठ मारत होता.

"नाळेतून घरामागे का आणली नाहीस?" मी विचारलं.

"आता भांगाची भरती हाय. नालेन पानी नाय, होडी चिखलान बसंल. चार रोज थांबा, उधानाला थेट तुमच्या दाराशी लावतू."

"दाराशी लावतो म्हणे! चार रोज बसून खायला मी तुला आणलंय?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण उन्हात उभ्या राहिलेल्या परक्या माणसाकडे बघतो. मी तिथल्या तिथे बैलगाडी केली. वाटेत सात नळ फुटले. त्या माणसाने मला हवी ती गोष्ट अक्षरशः दाराशी आणून ठेवली होती. चार दिवसांनी नाळेत एवढं पाणी येतं की भरली होडी माझ्या दाराला लागते, असं तो सांगत होता. मी ऐकला तो फक्त आळस.

पुढचे दिवस मी कोणाला सुखाने बसू दिलं नाही. नळाचे सांधे तेलात घोटलेल्या चुन्याने आणि काथ्याने भरायचे, तर प्रत्येक सांधा मी बोट घालून बघे. कचेरीत बसलो की वाटे, आता गवंड्याने उतार चुकवला असेल. घरी आलो की वाटे, कचेरीतलं काम तुंबलं असेल. जेवताना उठून तळघरात जाई. बायको दोनदा काही बोलायला म्हणून पडवीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "काय गं?" मी विचारलं, आणि माझा "काय गं" तेव्हा असा असे, की ती "काही नाही, पान वाढलंय" म्हणून परत गेली. पान वाढलेलं नसे. मला त्याचंही नवल वाटलं नाही.

मार्गशीर्षात न्हाणी झाली. आईने हौदाला हळदकुंकू लावलं. डोणीत ओतलेलं पाणी नळातून खळखळत हौदात उतरलं तेव्हा मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. मोरी एका दमात पाणी पिऊन टाकी. बायकोला सातवा महिना लागला होता. पहिल्या दिवशी ती आत गेली ती किती तरी वेळ बाहेरच आली नाही. वरून एक गाडी गेली, दुसरी गेली, आणि आतून सावकाश ओतलेल्या पाण्याचे आवाज येत राहिले. बाहेर आली तेव्हा केस सुकवत उन्हात बसली आणि आईला म्हणाली, "पाठीला पाणी लागलं आज." तेवढं ऐकून मी दिवसभर कचेरीत साहेबाशीसुद्धा गोड बोललो.

चारच दिवस. अमावास्येला मी ताप आल्याचं सांगून घरीच राहिलो. ताप नव्हता. हौदाची तोटी ठिबकते आहे असा मला वहीम होता आणि ती कचेरीत बसून ठिबकू देणं माझ्याच्याने होईना. दुपारी बायकोच्या पाठीत कळ यायला लागली, म्हणून आईने तिला खाली जाऊन कढत पाणी घ्यायला सांगितलं. मी पडवीत घोंगडी पांघरून पडलो होतो, सगळा जीव कानात. खालून गुडगुड असा आवाज आला. पाणी झकास जातंय म्हणून मी खूष झालो. ते येत होतं.

मग तिची हाक आली. तिने मला हाक मारली नाही, "सासूबाई!" म्हणून मारली. मी घोंगडीसकट धावलो. अंगणाच्या बाजूने जाऊन बघतो तर तळघराचं दार उघडं, आत घोट्याच्या वर काळं पाणी, आणि मोरीच्या तोंडातून चिखल, पालापाचोळा, काय काय बुडबुडत वर येतंय. एक एवढासा खेकडा चुलाणावर चढायला बघत होता. बायको बाहेर अंगणात उभी होती. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल, दोन्ही हात पोटाखाली. आणि वरून कल्याणची गाडी चालली होती.

ती पळाली नाही. पळणं शक्यच नव्हतं. मी घोंगडी उघडून अंतरपाट धरावा तशी तिच्यापुढे धरून उभा राहिलो. गाडी वर आणि घोंगडी खाली, तिचा काय उपयोग होणार? डबे एकामागून एक गेले, सावकाश गेले. कोणीतरी हसलं. मी मान वर केली नाही, तिच्याकडेही बघितलं नाही, घोंगडीच्या विणीकडे बघत राहिलो. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

गवंड्याला बोलावून आणलं. त्याला बघताच माझं तोंड सुटलं. उतार चुकवलास, नळ उलटे बसवलेस, हवं ते बोललो. त्याने मला नाळेकडे नेऊन दाखवलं. माझा बांबू तिथेच होता आणि माझी खूण पाण्याखाली हात-दीड हात बुडाली होती. त्याने बोटांवर समजावलं. अष्टमीच्या सुमाराला खाडी सगळ्यांत कमी चढते, तो भांग. अमावास्या-पौर्णिमेला सगळ्यांत जास्त, ते उधाण. आणि उधाणाची भरती इथे भर दुपारी येते, जेव्हा मी कचेरीत असतो. माझे दोन्ही रविवार अष्टमीचे होते. दोन आठवड्यांनी पुन्हा बघितलं म्हणजे पुन्हा अष्टमीच बघितली! आई अष्टमीचा उपास करी, तिची भगर मी दोन्ही रविवारी डोळ्यांनी पाहिली होती. घाटावरच्या माणसाला तिथीने उपास कळतात, पाणी कळत नाही.

पण खोड जाते का? तिथेच उभ्या उभ्या मी पुढचा बेत सुरू केला. मोरीच्या तोंडाला चामड्याची झडप बसवू, तळघराची जमीन दीड हात उचलू, नाहीतर उधाणाच्या दिवशी बोळा कोंबू. आई उंबऱ्यात आली होती, तिच्यामागे बायको. मी झडपेचं वर्णन करत असताना बायको बोलली. आवाज चढवला नाही.

"तुमची लिहायची खोली द्याल का?"

माझी लिहायची खोली पडवीला लागून, रस्त्याच्या अंगाला. जमीन उंच, झरोका लहान, रुळांकडे पाठ. तिथून नळ काढला तर घराच्या बाजूने उतरत तो त्याच नाळेत गेला असता आणि कुठल्याही उधाणाचं पाणी तिथवर चढलं नसतं. पाणी वर वाहून न्यावं लागलं असतं, एवढंच. दोन महिने मी या घराचे नकाशे काढत होतो. एकाही नकाशात त्या खोलीला हात लावला नव्हता. तिथे माझं मेज होतं, माझा दौत-टाक, माझे कागद. ती खोली घरातच आहे हेच मी विसरलो होतो.

मी म्हणालो, "उद्या बघू."

हे मी म्हणालो. आज इतक्या वर्षांनीही ते शब्द मला खोडावेसे वाटतात. ती आत गेली. मी पुन्हा गवंड्याशी झडपेचं बोलायला लागलो, पण मन लागेना. थोड्या वेळाने वळून बघितलं तर ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती. मांडीवर कोरडं लुगडं, पायांवर चिखल वाळून पांढरा पडायला लागलेला. तो धुवायला तिला विहिरीवर जायचं होतं. डोळे भरावाकडे होते आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक पुढे सरकत होता. ती गाडी मोजत होती.

"झडप राहू दे," मी गवंड्याला म्हटलं. "माझ्या खोलीची भिंत फोड. आत्ता."

तो आत गेला, मेज बाजूला सारलं आणि भिंतीच्या एका जागी सरळ छिन्नी लावली.

"अरे, माप घे आधी!" मी ओरडलो.

"माप घेतलेलं हाय, रावसायेब," तो पाठमोराच म्हणाला. "पैल्याच रोजी. तुमी कचेरीला गेलेलात तवा तुमच्या आईनी नि बाईसायबांनी हीच भित दावलेली. कुंभाराकडनं येगले नल पन मी सांगून ठेवलेले. तुमाला सांगल कोन?"

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. आत जाऊन मीच कागद, दौत, मेज पडवीत काढून ठेवलं. चुलाणावरच्या हंड्यातलं कढत पाणी दोन घागरी मीच वर आणलं. दार लावून, झरोक्याला चादर टांगून, अर्धवट फुटलेल्या भिंतीच्या त्या खोलीत परातीत उभं राहून तिने पाय धुतले. पुढे बाळंतपण होईतो आणि झाल्यावरही ते पाणी मीच भरलं. आळीत त्यावरून मला काय नाव पडलं ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी ती वाती वळत बसली होती. मी जवळ बसलो आणि विचारलं, "पहिल्या दिवशीच ठरलं होतं, तर मला सांगितलं का नाहीस?"

हातातली वात पुरी वळून ती म्हणाली, "तुम्ही ओरडलात की पोटातलं हलायचं थांबतं. मग मला रात्रभर भीती वाटते. म्हणून नाही सांगितलं."

आमचं पहिलं बाळ जाण्याच्या आधीच्या दिवसांत मी किती ओरडलो होतो ते मला आठवेना, आणि आठवत नाही याचीच धास्ती वाटली. आवाज खाली ठेवायला मला फार कष्ट पडले. शेवटी अगदी हळू विचारलं, "आता हलतंय का?"

तिने वात खाली ठेवली, पोटावर हात ठेवला आणि थांबली. मीही थांबलो. तोवर मी आयुष्यात कशासाठी इतका वेळ थांबलो नव्हतो.

"हलतंय," ती म्हणाली.